पद्मिनीत हेडलाइट लावला की जळका वास येतो, फ्यूज मात्र शाबूत: कारण कुठे शोधायचं आणि कायमचं कसं मिटवायचं

गाडी: प्रीमियर पद्मिनी. तिच्या आधीच्या फियाट 1100 डिलाइट आणि प्रेसिडेंटलाही जवळजवळ सगळं लागू. इतर जुन्या गाड्यांसाठी तत्त्व तेच, वायरींचे रंग आणि जागा वेगळ्या.

तक्रार अशी असते. रात्री हेडलाइट लावून अर्धा तास गाडी चालली की प्लास्टिक तापल्याचा वास येऊ लागतो. कधी एका बाजूचा लाइट मंद होतो, कधी जातोच. फ्यूज बोटाने जरा फिरवला की लाइट परत लागतो. फ्यूज काढून पाहिला तर पत्ती शाबूत, म्हणून तोच परत बसवला जातो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, आणि पावसाळ्यात त्याहून लवकर. मग कोणीतरी सल्ला देतं, ‘मोठा फ्यूज टाका’, किंवा त्याहून वाईट म्हणजे फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळून देतं. इथून पुढे ही तक्रार नुसती कटकट राहत नाही, आगीचं कारण होते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. फ्यूजला फक्त स्वतःतून किती करंट जातोय तेवढंच कळतं. त्याच्या शेजारचा जोड किती तापलाय हे त्याला कळत नाही. जोड गंजलेला किंवा सैल असेल तर करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. मग फ्यूज उडणार कशाला? तो आपल्या जागी शांत बसतो आणि शेजारचं प्लास्टिक वितळत राहतं. ‘फ्यूज गेला नाही म्हणजे वायरिंग ठीक आहे’ हा समज जुन्या गाडीत सगळ्यात धोक्याचा.

आकडेच बघा. 60 वॉटचे दोन बल्ब म्हणजे 12 व्होल्टला 10 अँपियर. वाटेतल्या एखाद्या जोडात 0.1 ओहमचा रोध असला (साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हा धड दिसणारही नाही) तरी तिथे 1 व्होल्ट खर्च होतो आणि 10 वॉट उष्णता तयार होते. पार्किंगचा 5 वॉटचा बल्ब पाच मिनिटं लावून ठेवा आणि मग त्याला हात लावून बघा. त्याच्या दुप्पट उष्णता, करंगळीच्या नखाएवढ्या पितळी पट्टीत, बंद जागी, तासभर.

पद्मिनीत हे फ्यूज पट्टीवरच जास्त का होतं? तिचे फ्यूज दोन्ही टोकांना निमुळते, चिनीमातीच्या किंवा प्लास्टिकच्या अंगाचे, वरून उघडी पत्ती गेलेले. सगळा करंट त्या दोन टोकांवरून जातो आणि टोकं पट्टीच्या क्लिपमधल्या भोकात नुसती टेकलेली असतात. टेकण्याची जागा मुळातच इवलीशी. त्यावर ओलसर हवेने गंजाचा पापुद्रा चढला की रोध वाढतो, रोधाने क्लिप तापते, तापली की तिची स्प्रिंग मरते, स्प्रिंग मेली की पकड सैल होते आणि रोध आणखी वाढतो. फ्यूज फिरवल्यावर लाइट लागतो तो पापुद्रा खरवडला गेल्यामुळे. ती दुरुस्ती नव्हे, निदान आहे.

फ्यूज काढून उजेडात नीट बघा. पत्ती चकचकीत पण एका टोकाची टोपी काळपट किंवा निळसर झाली असेल, आणि क्लिपच्या मागचं प्लास्टिक तपकिरी पडून किंचित वाकलं असेल, तर गुन्हेगार तीच क्लिप. अंग प्लास्टिकचं असलेला फ्यूज तापून मऊ होतो आणि आखूड होतो, मग पकड उरतच नाही. म्हणून शोधून चिनीमातीचेच घ्या. त्यांचे रंग ठरलेले आहेत: पिवळा 5 अँपियर, पांढरा 8, लाल 16, निळा 25. पांढऱ्याच्या जागी निळा दिसला तर आधीच्या कोणीतरी ‘मोठा फ्यूज’ हा इलाज करून ठेवलाय असं समजा आणि त्या फ्यूजवरची सगळी वायर तपासा.

(ॲम्बॅसॅडरवाल्यांसाठी: जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर 35 अँपियर लिहिलेलं असतं ते उडण्याचा आकडा असतो. कायम वाहण्याचा साधारण 17. त्या जागी आजचा 35 चा काचेचा फ्यूज टाकला तर तो 35 अँपियर निवांत वाहू देतो आणि वायर जळते.)

मोजमाप कसं करायचं

अंदाजाने वायरी बदलत बसू नका. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, 20 व्होल्ट डीसी रेंजवर. मात्र ओहममध्ये मोजू नका. बल्ब चालू ठेवून, म्हणजे करंट वाहत असताना, कुठे किती व्होल्ट गळतात ते मोजायचं.

बॅटरी चार्ज असू द्या. इंजिन बंद, हेडलाइट अपरवर, म्हणजे लांबच्या उजेडावर. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर धरा. क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर. काळं टोक हेडलाइटच्या सॉकेटमागे, अपरच्या वायरीच्या टर्मिनलवर, बल्ब जोडलेलाच ठेवून. जो आकडा दिसेल तो बॅटरीपासून बल्बपर्यंत वाटेत हरवलेला व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. हात न लागलेल्या जुन्या वायरिंगमध्ये एक ते दोन व्होल्ट सर्रास निघतात.

मग काळं टोक एकेक पायरी मागे आणत जा: डिपरची (अपर-लोअर बदलणाऱ्या स्वीचची) आउटपुट, डिपरची इनपुट, मुख्य लाइट स्वीचची आउटपुट, इनपुट, आणि शेवटी बॅटरीचा क्लॅम्प. फ्यूजच्या दोन्ही क्लिपा वाटेत जिथे येतील तिथे त्याही घ्या. जिथे आकडा एकदम खाली येतो, त्याच्या आणि आधीच्या बिंदूच्या मध्ये रोग. एका जोडावर 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की तो जोड उघडायचा. फ्यूजच्या बाबतीत आणखी बारकाईने बघा: एक टोक क्लिपवर, दुसरं फ्यूजच्या टोपीवर. इथे 0.3, 0.4 दिसलं तर वितळण्याचं कारण सापडलंच. क्लिपच्या मागच्या रिव्हेटवरही हीच चाचणी करा. वरून क्लिप लखलखीत असते आणि आत रिव्हेट गंजलेला असतो. नवा फ्यूज टाकूनही तक्रार जात नाही तेव्हा पुष्कळदा हाच रिव्हेट निघतो.

आता उलटी बाजू, जी बहुतेक जण विसरतात. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि लाल टोक बल्बच्या अर्थिंगच्या (बॉडीतून बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेच्या) टर्मिनलवर. इथे 0.2 पेक्षा जास्त नको. जास्त असेल तर हेडलाइटच्या बाउलमागचा अर्थिंगचा स्क्रू, बॉडीवरचा रंग, गंज, यापैकी काहीतरी आहे. स्क्रू काढा, घासकागदाने पत्रा उघडा चकचकीत करा, दातेरी वायसर घाला, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

व्होल्ट वाचवल्याचा फायदा सुरक्षिततेपुरता नाही. फिलामेंटच्या बल्बला मिळणारं व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो. ‘पद्मिनीचे लाइट मुळातच मिणमिणते’ म्हणून लोक 100/90 वॉटचे (अपरला 100, लोअरला 90) बल्ब घालतात. त्याने अपरवर करंट 10 वरून साडेसोळा अँपियरच्या वर जातो, तोही ज्या वायरी आणि स्वीच मूळच्या 45/40 वॉटच्या साध्या बल्बांसाठी घातले होते त्यांच्यातून. ठीक केलेल्या वायरिंगवर 60/55 चा बल्ब त्या बिचाऱ्या 100/90 पेक्षा चांगला रस्ता दाखवतो. 100/90 बल्ब कुठल्याही जुन्या गाडीत घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एलईडीने करंट कमी होतो हे खरं, पण जुना रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचा उजेड त्यात फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

फ्यूज लगेच उडत असेल तर

ही वेगळी तक्रार आहे आणि खरं तर सोपी. फ्यूज घातला की उडतो म्हणजे कुठेतरी वायर थेट बॉडीला लागलीय. इथे फ्यूजवर फ्यूज जाळू नका. उडालेल्या फ्यूजच्या जागी, दोन क्लिपांच्या मध्ये, वायरी जोडलेला 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, पण करंट पावणेदोन अँपियरच्या वर जाणारच नाही. वायर तापणार नाही आणि तुम्हाला शोधायला हवा तेवढा वेळ मिळेल. आता त्या फ्यूजवरची उपकरणं एकेक करून सोडवा, वायरी हलवा. बल्ब ज्या क्षणी विझतो किंवा मंद होतो, त्या क्षणी तुमचा हात जिथे आहे तिथे शॉर्ट.

एका मित्राच्या गाडीत ब्रेक लाइट आणि टेल लाइटचा फ्यूज महिना-दीड महिन्याने उडायचा, आणि गॅरेजमध्ये नेली की कधीच नाही. बल्ब लावून आम्ही दारं आपटली, स्टिअरिंग फिरवलं, काहीच नाही. मग डिकी हळूहळू खाली आणली. अर्ध्यावर आली की बल्ब भक्कन पेटायचा, पूर्ण बंद केली की विझायचा. नंबर प्लेटच्या लाइटची वायर बिजागराच्या कडेवरून गेली होती. वरचं इन्शुलेशन एका बाजूने चाकूने तासल्यासारखं गेलं होतं आणि आतल्या तांब्याच्या चार-पाच तारा लखलखत होत्या. लाइट चालू असताना डिकी लावली की त्या क्षणभर पत्र्याला लागायच्या. फ्यूज होता म्हणून निभावलं. तिथे तार गुंडाळलेली असती तर आग लागली असती, तीही डिकीत, पेट्रोलच्या टाकीजवळ.

कधीतरीच उडणाऱ्या फ्यूजसाठी बघायच्या जागा: डिकीचं बिजागर, इंजिनकडून डॅशबोर्डकडे वायरी जातात ते पत्र्यातलं भोक (तिथला रबरी ग्रोमेट चाळीस वर्षांत दगड झालेला असतो किंवा नसतोच), स्टिअरिंग कॉलमवरून खाली येणाऱ्या हॉर्न, डिपर, इंडिकेटरच्या वायरी, कारण गिअरचा दांडाही तिथेच हलतो, आणि पुढच्या सीटखालचा कार्पेट, जिथे सीटच्या रुळाचा स्क्रू वायरीवर बसलेला सापडू शकतो. पावसाळ्यात गाडी उभी राहत असेल तर उंदीर. बॉनेटखाली सुका पाला, कापसाचे पुंजके, काळ्या लेंड्या दिसल्या तर सेल्फ मारण्याआधी वायरिंगची जुडी खालून, आरसा धरून बघा. कुरतडलेलं नेहमी खालच्या अंगाला असतं.

आणि टेपचे जोड. स्टीरिओ, मोबाइलचा चार्जर, फॉग लाइट, दुहेरी हॉर्न, या प्रत्येकाने येताना इग्निशनच्या वायरीला एक पीळ मारून वर काळी टेप गुंडाळलेली असते. दोन उन्हाळ्यांत टेपचा गोंद पातळ होऊन घसरतो, पीळ उघडा पडतो. असा प्रत्येक जोड सोडवा. नवीन वस्तूला स्वतःचा फ्यूज आणि स्वतःची फीड (बॅटरीकडून करंट आणणारी वायर) हवी, इग्निशनच्या वायरीतून उसनी घेतलेली नको. बऱ्याच जुन्या गाड्यांत इग्निशन आणि चार्जिंगच्या वायरीला मुळात फ्यूजच नसतो, त्यामुळे तिथे शॉर्ट झालं तर अडवायला कोणी नाही.

कायमचा इलाज

क्लिपा साफ करून काही महिने जातात. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा (पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी), क्लिपा घासकागदाने घासा, भोकं गोल करा, स्प्रिंग आत दाबून ताण आणा, नवे चिनीमातीचे फ्यूज बसवा. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्हच बॉडीला असते, तिथे उलटं: जी बाजू बॉडीला आहे ती आधी काढायची आणि शेवटी जोडायची. वितळलेली पट्टी मात्र घासून वापरू नका. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला विचारलं तर पट्टी अजून मिळते, पण हातात घेऊन क्लिप वाकवून बघा. पातळ पत्र्याची असेल तर घेऊ नका. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, आणि टॅक्सींच्या जिवावर चालणारं सुट्या भागांचं दुकान आता दरवर्षी आणखी आक्रसणार. म्हणून मी म्हणतो, जुन्या पट्टीवरचा भारच कमी करा.

त्यासाठी हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्वीच. पद्मिनीच्या वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत जातो, स्वीच, डिपर करत परत पुढे येतो. रिले लावला की स्वीचातून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, पाव अँपियरच्याही आत, आणि बल्बांना करंट बॅटरीकडून जवळच्या वाटेने मिळतो. फ्यूज पट्टी, स्वीच, डिपर, तिघांचं आयुष्य वाढतं आणि उजेड लगेच वाढलेला दिसतो.

दोन रिले लागतात, एक अपरला, एक लोअरला. रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. 30 ला बॅटरीकडून येणारी फीड. 87 मधून बल्बांकडे. 86 ला जुन्या हेडलाइट सॉकेटकडून आलेली मूळ वायर, 85 अर्थिंगला. मधल्या पायावर 87 ए लिहिलेलं असेल तर तो रिले बंद असताना जोडलेला असतो. तिथे बल्ब जोडलात तर स्वीच बंद केल्यावर लाइट लागेल, म्हणून तो पाय मोकळा ठेवून त्यावर स्लीव्ह चढवा.

फीडची वायर 2.5 चौरस मि.मी.ची, बारीक तारांची, गाडीसाठीची घ्या. घरातल्या वायरिंगची कडक एकतारी वायर नको, कंपनाने ती तुटते. रिलेपासून प्रत्येक बल्बला 1.5 ची. जाडीने काय फरक पडतो? तांब्याची 1 चौरस मि.मी.ची वायर पाच मीटर असेल तर 10 अँपियरला तिच्यातच साधारण 0.86 व्होल्ट जातात. 2.5 ची असेल तर 0.35 च्या आत.

फ्यूज आजच्या चपट्या पात्यांचे, आणि चारही फिलामेंटना वेगवेगळे. 60 वॉटला 5 अँपियर, म्हणून प्रत्येकी साडेसात (तपकिरी). दोन्ही अपरला मिळून एकच 15 चा घातला तरी चालतं, पण मग कशेडी घाटात रात्री एका बाजूची वायर शॉर्ट झाली की दोन्ही लाइट एकदम जातील. चार फ्यूजांना जास्त खर्च येत नाही. फ्यूजचा आकडा ठरवताना बल्बकडे नाही, वायरीकडे बघायचं: वायरीला जेवढं सोसतं त्याच्या खाली फ्यूज, आणि उपकरणाला लागतं त्याच्या सव्वापट ते दीडपट. या दोन्हींच्या मध्ये आकडा बसत नसेल तर वायर जाड करा, फ्यूज नाही.

मूळ वायरिंग कापू नका. एच4 चा (60/55 च्या हॅलोजन बल्बचा) तिहेरी सॉकेट बाजारात नर-मादी दोन्ही मिळतो. एका बाजूच्या हेडलाइटचा जुना सॉकेट नव्या प्लगमध्ये जातो, तिथूनच रिलेला सिग्नल मिळतो. कधी वाटलं तर सगळं काढून गाडी मूळ अवस्थेत नेता येते. 2021 च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची विंटेज म्हणून नोंदणी होते, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. त्यात चेसिस, बॉडी, इंजिन बदललेलं चालत नाही. लपवलेल्या रिलेने त्याला कुठेही बाधा येत नाही. 1974-75 च्या पद्मिन्या आता त्या वयात आल्या आहेत.

फीडचा पहिला फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ, वीतभर अंतरात. मीटरभर पुढे बसवला तर तो मीटरभराचा तुकडा उघडाच राहिला. बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपियर देते आणि पातळ वायर काही सेकंदांत लाल होते.

इथेच गाडीच्या बाकी सगळ्या वायरिंगलाही एक मुख्य फ्यूज घालून घ्या. सेल्फच्या जाड केबलला नाही, तिला फ्यूज लागत नाही आणि चालतही नाही. बॅटरीपासून बाकी गाडीकडे जाणारी जी दुसरी वायर आहे तिला. ती 6 चौरस मि.मी.ची करून 40 अँपियरचा मॅक्सी (मोठ्या पात्यांचा) फ्यूज साध्या पद्मिनीला पुरतो. मात्र नंतर डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं नवं यंत्र) बसवला असेल तर आधी त्याचं आउटपुट बघा. मुख्य फ्यूज त्याहून मोठा आणि वायर त्या फ्यूजला पेलणारी हवी, कारण चालत्या इंजिनात तो उडाला तर बॅटरीपासून सुटलेला अल्टरनेटर व्होल्टेज भलतंच चढवतो. चार्जिंगची वायर कुठून कुठे जाते हे ठाऊक असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच हे काम करून घ्या. तो डायनॅमोच्या कटआउटवर हात बसलेला माणूस असेल तर उत्तम, असे आता थोडे उरलेत.

जोड क्रिम्प करा, म्हणजे वायरीवर थिंबल (धातूचं टर्मिनल) दाबून बसवा, तेही थिंबलच्या मापाच्या हत्याराने, पक्कडीने चेपून नाही. क्रिम्प केल्यावर वायर ओढून बघायची. सुटली तर ती आज सुटली हे बरं झालं. वरून गरम करून आकसणारी स्लीव्ह. टेप फक्त जुडी बांधायला.

इंजिनची अर्थिंग

एक गोष्ट जी हेडलाइटच्या तक्रारीत कोणी बघत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये जाड वेणीची अर्थिंग पट्टी असते. ती तुटली किंवा तिचा बोल्ट गंजला तर सेल्फचा शंभराच्या वरचा करंट परतायला दुसरी वाट शोधतो, आणि ती बहुधा चोकची केबल असते. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागते का, तिच्या बाहेरच्या आवरणातून धूर येतो का, हे बघा. तपासायचं असं: सेल्फ फिरत असताना मीटरचं एक टोक इंजिनच्या ब्लॉकवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. अर्धा व्होल्टच्या वर गेलं तर नवी पट्टी. स्वस्तात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची दुरुस्ती हीच.

पेट्रोल

वायरीतून ठिणगी पडली तरी जाळायला काहीतरी लागतं. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात किंवा भेगाळतात. इंजिनवरच्या पेट्रोल पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचा पाइप वाकवून बघा. भेगा दिसल्या, हाताला ओल लागली, तर वायरिंगच्या आधी तो बदला. घेताना पाइपवर ‘आर9’ ही दर्जाची खूण छापलेली बघा. वाटेत कोणी प्लास्टिकचा फिल्टर टांगला असेल तर तो सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर किंवा डिस्ट्रिब्युटरवर लोंबत नाही ना तेही बघा.

बॅटरीला एक कट-ऑफ स्वीच असावाच. खुंटीवर बसणारे फिरकीचे स्वस्त स्वीच स्वतःच सैल होऊन तापतात. पात्याचा, खटक्याने उघडणारा घ्या. गाडी उभी करताना उघडायचा, चालत्या इंजिनात नाही.

एक किलोचं ड्राय पावडरचं आयएसआय शिक्क्याचं अग्निशामक पुढच्या सीटखाली पट्ट्याने बांधून ठेवा. डिकीत नको, लागेल तेव्हा डिकीपर्यंत जाता येईल याची खात्री नसते. बॉनेटमधून धूर आला तर इग्निशन बंद, माणसं बाहेर, आणि बॉनेट सताड उघडायचं नाही, हवा मिळाली की भडका उडतो. खटका ओढून जी फट पडते तिच्यातून पावडर मारा. नंतर ती पावडर पूर्ण धुऊन-पुसून काढा, ती जोडांना गंजवते.

काम झाल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्येच इंजिन जरा चढ्या आयडलवर ठेवून अपर लाइट अर्धा तास चालू ठेवा. मग इंजिन बंद करून प्रत्येक फ्यूज, प्रत्येक रिले, स्वीचची मागची बाजू हाताने तपासा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल तर तो जोड परत करायचा. बॅटरी ते बल्बचा आकडा, अर्थिंगचा आकडा, इंजिनच्या पट्टीचा आकडा तारीख घालून गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवा. मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत, तेच आकडे परत घ्या. जिथला आकडा दुप्पट झाला असेल, तिथला जोड उघडून साफ करा.